एका स्वराची पाच घरे

ज्याला एखादी विद्या अर्धीमुर्धी अवगत आहे, त्याच्याइतका धोकादायक शिक्षक दुसरा नाही. ज्याला काहीच येत नाही तो निदान गप्प बसतो. ज्याला पुरते येते तो विचार करून बोलतो. परंतु अर्ध्या वाटेवर थांबलेला मनुष्य आपल्या परिचयाच्या अर्ध्या वाटेवरूनच पुढच्या साऱ्या प्रवासाचे वर्णन करू लागतो. हे वचन आम्ही कोणा सुभाषितसंग्रहातून उचललेले नाही. ते आमच्याच घरात, आमच्याच हातून, २०२४ च्या पावसाळ्यात सिद्ध झाले. त्याची हकीकत थोडी लाजिरवाणी आहे खरी. तथापि तीत पाश्चात्य संगीतलेखनातील एका लहानशा खुणेचा उलगडा आहे, आणि सांप्रत अनेक घरांतून नातवंडांचे संगीतशिक्षण आजीआजोबांच्या देखरेखीखाली चालत असल्यामुळे, ती सांगून टाकणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम आमचा अधिकार किती ते सांगतो. तरुणपणी सात-आठ वर्षे आम्ही सतारीवर बोटे घासली. मैफलीत बसण्याची योग्यता कधी आली नाही. सकाळी थोडा भैरव आणि दिवेलागणीला थोडा यमन, एवढ्यापुरते आमचे वादन घरच्यांना सहन होई. भातखंडे यांच्या पद्धतीची स्वरलिपी मात्र आम्हांस सरळ वाचता येते. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राचा बिंदू खाली, तारसप्तकाचा वर, ही सारी व्यवस्था डोक्यात पक्की बसलेली आहे. ह्या भांडवलावर, नातीने दोन वर्षांपूर्वी गिटार शिकण्याचा हट्ट धरला तेव्हा, आम्ही तिच्या अभ्यासाची देखरेख आपणहून अंगावर घेतली.

गिटार म्हणजे सिनेमातील नायकाने डोंगरावर उभे राहून खांद्याला अडकवण्याची वस्तू, असा आमचा पूर्वग्रह होता. परंतु नातीचे शिक्षक आम्हांस लाभले ते अभिजात पद्धतीचे. नायलॉनच्या तारांची गिटार, हातात नखी नाही, उजव्या हाताच्या चार बोटांनी निरनिराळ्या तारा छेडून एकाच वेळी खर्जाची साथ आणि वरचे सूर दोन्ही काढायचे, असा तो प्रकार. हे गृहस्थ मूळचे गोव्यातील साष्टीचे आणि आता माहीमला राहणारे. त्यांचे वडील पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळेत पाच रेघांची स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकले व पुढे मुंबईस येऊन वाद्यवृंदांत वाजवू लागले. अशा शाळांतून तयार झालेल्या गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ किती काळ उचलून धरला, हे जाणत्यांस ठाऊक आहेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्या परंपरेतील एक प्रसिद्ध नाव. अशा घराण्यातील माणसाने पेन्सिलीने कागदावर एखादी खूण केली, तर ती सहज हात चालवला म्हणून केलेली नसते, एवढे तरी आम्ही ओळखावयास हवे होते.

नातीच्या पुस्तकांवरून आम्हीही ती पाच रेघांची लिपी शिकलो. स्वराचे टिंब ज्या रेघेवर किंवा ज्या दोन रेघांमध्ये बसेल त्यावरून त्याचे नाव ठरते, आणि टिंबाच्या आकारावरून त्याचा काळ. महिन्याभरात आम्हांस टिंबे वाचता येऊ लागली, आणि टिंबे वाचता आली म्हणजे संगीत वाचता आले, असे आम्ही गृहीत धरले. अर्ध्या वाटेवरचा मुक्काम तो हाच.

त्या वर्षी आषाढात मास्तरांस तीन आठवड्यांसाठी गोव्यास जावे लागले. निघण्यापूर्वीच्या शेवटच्या पाठाला त्यांनी नातीला वॉल्ट्झच्या तालातील एक नवी लहानशी चीज दिली. छापील कागदावर नुसते स्वर होते. मास्तरांनी घाईघाईत त्यावर पेन्सिलीने आपल्या खुणा केल्या आणि बजावले, “पहिल्या दोन ओळीच बसव. तिसरी ओळ मी आल्यावर.” नातीने हे घरी येऊन जसेच्या तसे सांगितले. आम्ही मात्र मनात म्हटले, तिसऱ्या ओळीत असे काय मोठे आहे? मास्तर परत येतील तेव्हा तिन्ही ओळी तयार असल्या, तर त्यांस केवढे कौतुक वाटेल!

तिसऱ्या ओळीतील प्रकार असा होता. षड्ज सफेद एकचा, म्हणजे पाश्चात्यांचा ‘सी’, धरला तर स्वर अगदी सरळ: ग म प ध नि सां. ह्या सहा स्वरांच्या डोक्यावर इंग्रजी ‘व्ही’सारखी एक खूण आणि तिच्यापुढे तुटक तुटक रेघ. स्वरांच्या कडेला १, २, ४, १, ३, ४ असे बारीक आकडे. पहिल्या स्वराखाली आणखी एक २, पण तो वर्तुळात. आणि ओळीच्या शेवटी ‘सी’ हे अक्षर, त्याला लागून पुन्हा तोच ‘व्ही’.

आम्ही शोधकार्यास लागलो. शेजारी राहणाऱ्या एका स्नेह्यांनी बालपणी पाश्चात्य पद्धतीने व्हायोलिन शिकलेले, ते म्हणाले, “हा ‘व्ही’ म्हणजे गज खालून वर न्यायचा.” व्हायोलिनच्या लेखनात ते खरेही आहे, पण गिटारला गज कोठून आणावा? मग एका पुस्तकात सापडले की ‘व्ही’ हा रोमन पाच असून स्वरसंवादाच्या शास्त्रात तो पंचमावर उभारलेल्या स्वरसमूहाचे चिन्ह असतो. हेही खरे; पण ते शास्त्र झाले, वाजवणाऱ्या मुलीला त्याचे काय? शेवटी आम्ही तर्क केला की ही पाचवी तार असावी. तीवर वाजवून पाहिले तो भलतेच खर्जाचे सूर निघाले. बारीक आकडे बोटांचे म्हणावेत, तर पेटीच्या व पियानोच्या पुस्तकांतून अंगठ्याला १ म्हणतात हे आम्हांस पाठ. आणि गिटारचा डावा अंगठा तर दांडीच्या मागे लपलेला! तेव्हा ते ठेक्याचे आकडे ठरले, आणि त्यांत पहिल्या खेपेस ३ गळला आहे ती मास्तरांच्या घाईची चूक ठरली. ‘सी’ म्हणजे षड्ज, हे तर शेंबडे पोरही सांगेल!

अशा रीतीने प्रत्येक खुणेला निकामी ठरवून आम्ही खोडरबर घेतला आणि ‘मुलीचा उगीच गोंधळ होतो’ म्हणून तिसरी ओळ स्वच्छ पुसून काढली. हे लिहिताना आजही आमचा हात अडखळतो.

मग आम्ही शिकवू लागलो. सतारीचा मनुष्य स्वर कसा शोधतो? बाजाच्या तारेवरून सरळ पुढे जातो. सतारीला तारा पुष्कळ असल्या तरी राग वाजतो तो प्रामुख्याने त्या एकाच तारेवर. तर्जनी आणि मध्यमा ही दोनच बोटे तीवर वरखाली धावतात, आणि एका पडद्यावरून तार खेचून पुढचे स्वरही काढता येतात. हीच रीत आम्ही गिटारच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेवर लावली. गंधार मोकळ्या तारेवर, मध्यम पहिल्या पडद्यावर, पंचम तिसऱ्या, धैवत पाचव्या, निषाद सातव्या, आणि वरचा षड्ज आठव्या. स्वर सगळे बरोबर. एकही बेसूर नाही. आमच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. उरला होता तो केवळ सराव.

परंतु तो सराव काही केल्या साधेना. वॉल्ट्झची गती आली की प्रत्येक स्वरागणिक नातीचा हात दांडीवरून उडी घेई, आणि प्रत्येक उडीला सूर मध्येच तुटे. पडद्याकडे पाहावे तर कागद सुटे, कागदाकडे पाहावे तर पडदा चुके. आम्ही म्हणू, “पुन्हा.” ती पुन्हा वाजवी. आठ-दहा दिवसांत तिचे मनगट दुखू लागले. आम्ही त्यावर तेल चोळले आणि अभ्यासाने सर्व साध्य होते ह्या आशयाचे एक लहानसे व्याख्यानही दिले. अखेर एके संध्याकाळी तिने गिटार पेटीत ठेवली, पेटी बंद केली, आणि आपला डावा पंजा पसरून त्याच्याकडे पाहत ती म्हणाली, “आजोबा, माझे हातच लहान आहेत. मला नाही जमायचं गिटार.”

बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडचे हे वाक्य आम्ही ऐकले, आणि तरीही आमची चूक आमच्या ध्यानात आली नाही. उलट तिला वाईट वाटू नये म्हणून आम्ही म्हणालो, “बाळ, प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट जमतेच असं नाही.” पुढे हे वाक्य आम्हांस फार दिवस टोचत राहिले. मोठ्यांच्या अज्ञानाचा दोष लहान मूल किती सहज आपल्या अंगावर घेते, आणि आपण तो किती सहज घेऊ देतो!

मास्तर गोव्याहून परतले. एरवी नातीला पोचवून आम्ही त्यांच्या गॅलरीत वर्तमानपत्र वाचीत बसतो. त्या दिवशी आत जाऊन बसलो. नातीने दोन ओळी सुरेख वाजवल्या आणि ती थांबली. मास्तरांनी कागद उचलून उजेडात धरला. पुसलेल्या पेन्सिलीचे वळ कागदावर उमटलेले होतेच.

“माझ्या खुणा कुठे गेल्या गं?” त्यांनी विचारले.

नात खाली मान घालून बसली. तिने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आमचे नाव ती घेणार नव्हती, आणि तिचे ते गप्प राहणे आम्हांस सहन होईना. आम्ही म्हणालो, “मास्तर, त्या मी पुसल्या. आणि तिसरी ओळही मीच शिकवली.” मग सर्व हकीकत, गजापासून शेंबड्या पोरापर्यंत, त्यांस सांगितली.

ते रागावले नाहीत. नातीच्या हातातील गिटार घेऊन त्यांनी ती आमच्या मांडीवर ठेवली. “काका, तुम्ही सतार वाजवता. मला एक सांगा. हा जो पहिल्या ओळीतला गंधार, तो ह्या गिटारवर कुठे आहे?”

“पहिली तार, मोकळी,” आम्ही छेडून दाखवली.

“आणखी कुठे?”

आम्ही गोंधळलो. मास्तरांनी आमचे बोट धरून दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर ठेवले: तोच गंधार. तिसऱ्या तारेच्या नवव्यावर: तोच. चौथीच्या चौदाव्यावर: तोच. पाचवीच्या एकोणिसाव्यावर, जेथे दांडी संपून पडदे लाकडी पेटीवर चढतात तेथे, बोट कसेबसे पोचले: तेथेही तोच. “सहाव्या तारेवर तो चोविसाव्या पडद्यावर आला असता,” मास्तर म्हणाले, “पण पडदेच एकोणीस आहेत, म्हणून पाच घरांवर भागलं. आता सांगा, कागदावरचं टिंब ह्यांपैकी कोणत्या घरात राहतं?”

टिंब ते सांगतच नाही. आम्ही ज्याला संपूर्ण लिपी समजत होतो, तिच्यात हे उत्तरच नव्हते. आमच्या घरी पेटी आहे. तिच्यावर प्रत्येक स्वराची एक पट्टी आणि प्रत्येक पट्टीचा एक स्वर; स्वराचे नाव कळले की बोटाची जागा कळली. त्या सवयीने आम्ही स्वर आणि जागा ह्या एकच गोष्टी समजून बसलो होतो. गिटारचा हिशेब निराळा. सहा तारा, प्रत्येक तारेची मोकळी जागा धरून एकोणीस पडद्यांसह वीस ठिकाणे, म्हणजे एकूण १२० ठिकाणे. आणि त्यांतून निघणारे निरनिराळे स्वर किती? सर्वांत खालच्यापासून सर्वांत वरच्यापर्यंत अर्ध्या-अर्ध्या स्वराने मोजीत गेल्यास केवळ ४४. चव्वेचाळीस रहिवासी आणि एकशेवीस घरे! तेव्हा कोणाची गाठ कोठे घ्यावयाची, हे कोणीतरी लिहून ठेवल्यावाचून कसे चालेल?

ते लिहून ठेवण्याची रीत म्हणजेच आम्ही पुसलेल्या खुणा. मास्तरांनी त्या एकेक करून समजावल्या. डोक्यावरचा रोमन आकडा हाताचे स्थान सांगतो: तर्जनी ज्या पडद्याच्या हद्दीत ठेवावयाची त्याचा तो क्रमांक. रोमन पाच म्हणजे तर्जनी पाचव्या पडद्याशी. मग मध्यमा सहाव्या, अनामिका सातव्या आणि करंगळी आठव्या पडद्याची धनी. पुढची तुटक रेघ जेथवर जाते तेथवर हात तेथेच राहू द्यावयाचा. बारीक आकडे डाव्या हाताच्या बोटांचे, परंतु येथे १ म्हणजे तर्जनी. अंगठा दांडीला मागून आधार देतो, म्हणून त्याला आकडा नाही. शून्य म्हणजे मोकळी तार. वर्तुळातील आकडा तारेचा. ‘सी’ हा षड्ज नव्हे. स्पॅनिश भाषेत भुवईला ‘सेखा’ म्हणतात, त्या शब्दाचे हे आद्याक्षर, आणि तर्जनी आडवी पसरून तिने एकाच पडद्यावर अनेक तारा दाबावयाच्या, असा त्याचा अर्थ. फ्रेंच शब्दावरून कोणी तेथे ‘बी’ लिहितात, आणि निम्म्याच तारा दाबावयाच्या असल्यास अक्षरामागे अर्ध्याचा अपूर्णांक घालतात.

हिशेब करणाऱ्यांस एक सोपे सूत्र सांगतो. स्थानाच्या आकड्यात बोटाचा आकडा मिळवून एक वजा केला की पडदा निघतो. पाचव्या स्थानी चौथे बोट: पाच अधिक चार, वजा एक, म्हणजे आठवा पडदा. आता ती तिसरी ओळ पुन्हा पाहावी. पहिले तीन स्वर दुसऱ्या तारेवर: तर्जनीने गंधार, मध्यमेने मध्यम, करंगळीने पंचम. पुढचे तीन पहिल्या तारेवर: तर्जनीने धैवत, अनामिकेने निषाद, करंगळीने वरचा षड्ज. १, २, ४, १, ३, ४. गळलेला ३ गळलेला नव्हताच. त्या ठिकाणी दुसऱ्या तारेचा सातवा पडदा येतो, आणि तेथला तीव्र मध्यम ह्या चिजेत नाही.

व्हायोलिनवालेही ‘तिसरे स्थान’, ‘पाचवे स्थान’ म्हणतात. परंतु त्यांच्या वाद्याला पडदे नाहीत, आणि त्यांची स्थाने सप्तकातील स्वरांच्या पायऱ्यांनी मोजली जातात. गिटारची पडद्यांनी, म्हणजे अर्ध्या स्वरांनी. म्हणून दोन्हीकडचा आकडा सारखा दिसला तरी हात सारख्या जागी जात नाही, हेही मास्तरांनी आमच्या शेजाऱ्यांसाठी निरोप म्हणून सांगून ठेवले.

घरी येऊन आम्ही पट्टी घेतली आणि मोजले. पूर्ण मापाच्या गिटारची तार साधारणतः ६५० मिलिमीटर लांब असते. आमच्या रीतीने नातीचा हात पहिल्या पडद्यापासून आठव्यापर्यंत सुमारे २० सेंटीमीटर धावत होता. मास्तरांच्या रीतीने तो पाचव्यापासून आठव्यापर्यंतच्या आठएक सेंटीमीटरांत स्वस्थ बसून तेच सहा स्वर काढतो. लहान हाताला सोयीची रीत कोणती, हे सांगावयास संगीत यावे लागत नाही. त्यातून दांडीच्या वरच्या भागात पडदे जवळजवळ येत जातात. म्हणजे जी जागा आम्हांस अवघड वाटली, तीच लहान पंजासाठी अधिक दयाळू होती. नातीचे हात लहान होते हे खरे. पण त्यांची काळजी वाहणारी खूण कागदावर होती, आणि ती आम्ही पुसली होती.

ह्या खुणा मुळात कशा आल्या, हेही जाणण्यासारखे आहे. लुईस मिलान याचा १८३६ च्या तीनशे वर्षे आधीचा, म्हणजे १५३६ चा ‘एल् माएस्त्रो’ हा ग्रंथ गिटारच्या नात्यातील विहुएला ह्या वाद्यासाठी आहे. त्यात सहा रेघा सहा तारांच्या, आणि रेघेवरचा आकडा पडद्याचा. गास्पार सान्स याने १६७४ मध्ये गिटारवर लिहिलेला ग्रंथही ह्याच जातीच्या लिपीत आहे. ही लिपी बोट कोठे ठेवावे ते सांगते, स्वर कोणता ते सांगत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी गिटारने सहा एकेरी तारांचे रूप घेतले आणि इतर वाद्यांची पाच रेघांची लिपी पत्करली. स्वर कळू लागला, जागा हरवली. मग ही हरवलेली जागा आकड्यांनी पुन्हा कागदावर आणावी लागली. फेर्नान्दो सोर याचा पाठ्यग्रंथ पॅरिसमध्ये १८३० साली निघाला; त्याच दशकातील मात्तेओ कारकासी याच्या पाठ्यग्रंथात चौथ्या, पाचव्या, सातव्या व नवव्या स्थानांचे धडे स्वतंत्र दिले आहेत. म्हणजे आम्ही ज्याला पेन्सिलीचा कचरा समजलो, त्यामागे दोन लिप्यांचा शेकडो वर्षांचा व्यवहार होता.

परंतु ह्या ज्ञानाने आमचे डोके पुन्हा किंचित वर होऊ लागले होते, ते मास्तरांनी पुढच्या पाठाला खाली आणले. आम्ही म्हणालो, “म्हणजे रोमन आकडा लिहिला की तो ब्रह्मवाक्य.”

ते हसले. “नाही, काका. बहुतेक वेळा तो चीज रचणाऱ्याचा नसतोच. संपादकाचा असतो, नाहीतर माझ्यासारख्या शिक्षकाचा.” मग त्यांनी कपाटातून सोरच्या वीस अभ्यासांची सेगोव्हिया यांनी संपादिलेली, १९४५ साली प्रथम निघालेली आवृत्ती काढली आणि तिच्या शेजारी त्याच अभ्यासांची दुसरी एक प्रत ठेवली. स्वर तेच, बोटे व स्थाने ठिकठिकाणी निराळी. एका संपादकाने स्वराचा रंग पाहिला होता, दुसऱ्याने हाताची सोय. कारण पाच घरांत स्वर एकच असला तरी त्याचा आवाज एक नसतो. मोकळ्या पहिल्या तारेवरचा गंधार लख्ख आणि टणक. तिसऱ्या जाड तारेच्या नवव्या पडद्यावरचा तोच गंधार गोल, काहीसा धूसर. पहिल्या खेपेस आम्ही सगळी घरे वाजवून पाहिली तेव्हा हा भेद आमच्या कानावर पडलाच असेल. पण तेव्हा आम्ही कान देऊन ऐकत नव्हतो, जागा मोजीत होतो.

मग मास्तरांनी नातीला तिसरी ओळ वाजवावयास सांगितली आणि तिच्या हाताकडे बारकाईने पाहिले. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तिचा हात पहिल्या स्थानी असे. तेथून पाचव्या स्थानी पोचताना ती अजून क्षणभर उशीर करी. त्यांनी पेन्सिल घेऊन स्वतःचीच खूण बदलली. “मोठ्या हाताला मी गंधार दुसऱ्या तारेवरच देईन, म्हणजे तिन्ही स्वरांचा रंग एक राहतो. तू मात्र तो मोकळ्या पहिल्या तारेवर घे. मोकळी तार आपली आपण वाजत राहते, तिला बोट लागत नाही. तेवढ्यात हात पाचव्यावर ने, आणि मध्यम तिथून पकड.” नातीने वाजवले. सूर तुटला नाही. तिने मान वर करून प्रथम मास्तरांकडे आणि मग आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात आमची क्षमा होती की नाही, ते आम्ही ठरवीत बसलो नाही; पण गिटारची पेटी त्यानंतर पुन्हा तशी बंद झाली नाही.

आम्ही ह्यातून एवढेच शिकलो की कागदावरील अशी खूण टाकाऊ नव्हे, आणि वेदवचनही नव्हे. आपल्या आधी त्या वाटेने गेलेल्या कोणीतरी मागून येणाऱ्याला ‘येथे उभा राहा, म्हणजे पुढचे सारे हाताशी येईल’ असे सांगून ठेवलेले असते. ते प्रथम समजून घ्यावे, मग आपल्या हाताकडे पाहावे, आणि बदलावयाचे तर जाणत्याला विचारून बदलावे. न समजता पुसण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. वयाने वडील असलेल्याला तर मुळीच नाही.

पुसलेली ओळ आम्ही आमच्याच हाताने पुन्हा लिहून द्यावी, असे प्रायश्चित्त आम्ही स्वतःस घालून घेतले. चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक केले, आणि आठवून आठवून एकेक आकडा स्वरांच्या कडेला मांडला. गंधाराच्या डोक्यावर रोमन पाच काढला, तुटक रेघ ओढली, आणि कागद मोठ्या समाधानाने नातीपुढे ठेवला. तिने तो नीट पाहिला, खोडरबर उचलला, आणि अगदी मास्तरांच्या सुरात म्हणाली, “आजोबा, पाच इथे नाही. गंधार मोकळ्या तारेवर आहे ना आता? पाच पुढच्या स्वरावर. तेवढ्यात हात पोचतो.”

आम्ही तिला पुसू दिले.